लिअरमधला बिननावाचा नोकर

(शोकांतिकांमधल्या छोट्या भूमिकांवर प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं आली ती बहुतेक शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'वरच, आणि त्यातही एकाच माणसाबद्दल, म्हणून यावेळची जागा त्याला. एक पत्र 'एकच प्याला'वरचं आहे, ते शेवटी घेतलंय.)

प्रश्न : नमस्कार ताई. आमचा सांगलीत हौशी ग्रुप आहे, सगळे दिवसभर नोकरीधंदा करून संध्याकाळी तालमीला येणारे. यंदा लिअर बसवतोय मराठीतून आणि मला दिलाय कॉर्नवॉलचा नोकर. नाव पण नाही हो त्याला, नुसतं 'पहिला नोकर'. आठ-नऊ ओळी बोलतो आणि मरतो. घरचे हसतात, एवढ्यासाठी रोज रात्री उशिरा येतोस का म्हणून. डायरेक्टर म्हणतो हा नाटकातला सगळ्यात भारी रोल आहे. मला वाटतं तो मला गुंडाळतोय. खरं काय ते सांगा.
(एक हौशी नट, सांगली)

उत्तर : गुंडाळत असेलही, डायरेक्टर मंडळींना ती सवय असतेच, पण यावेळी तो बोलला ते खरं आहे.

ज्यांनी नाटक वाचलं नाही त्यांच्यासाठी आधी प्रसंग सांगते. तिसऱ्या अंकातला सातवा प्रवेश. म्हातारा सरदार ग्लॉस्टर, वाडा त्याचाच, आणि त्याच्याच वाड्यात पाहुणे म्हणून उतरलेले कॉर्नवॉल आणि त्याची बायको रीगन, म्हणजे लिअरची मधली मुलगी. लिअरला पोरींनी भर वादळात बाहेर राहू दिलंय, ग्लॉस्टरने त्याला गुपचूप डोव्हरकडे रवाना केलंय, आणि फ्रान्सच्या बाजूने आलेलं एक पत्र ग्लॉस्टरच्याच पोराने, एडमंडने, कॉर्नवॉलच्या हातात नेऊन दिलंय. मग काय, ग्लॉस्टरला पकडून आणतात, खुर्चीला बांधतात, रीगन त्याची दाढी उपटते, तो बिचारा म्हणत राहतो अहो मी तुमचा यजमान आहे, आणि कॉर्नवॉल त्याचा एक डोळा काढतो. रीगन म्हणते एकच का, दुसरा पण काढ, नाहीतर ही बाजू त्या बाजूला हसेल.

आणि इथे तुम्ही बोलता. साधारण असं, की हात आवरा सरकार, लहानपणापासून तुमची चाकरी केली पण आत्ता तुम्हाला थांबा म्हणतोय यापेक्षा मोठी चाकरी मी कधी केली नाही.

हे वाक्य नीट बघा. तो 'अन्याय' म्हणत नाही, 'पाप' म्हणत नाही, ग्लॉस्टर निर्दोष आहे असंही म्हणत नाही, त्याला ते माहीत असायचं कारणच नाही, राजकारण काय चाललंय ते त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही. त्याला एवढंच कळतं की आपला मालक एका बांधलेल्या म्हाताऱ्याचे डोळे काढतोय. आणि तो बोलतो ते बंडखोर म्हणून नाही तर नोकर म्हणून बोलतो, खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणजे आत्ता मालकाचा हात धरायचा असा त्याचा साधा हिशोब. पुढे चौथ्या अंकात निरोप्या येऊन सांगतो तेव्हा कळतं की याला कॉर्नवॉलनेच लहानाचा मोठा केलेला. म्हणजे ज्याच्यावर तलवार उपसली तो याच्या दृष्टीने जवळजवळ बापाच्या जागी. म्हणून पहिलं वाक्य ओरडून टाकू नका, प्लीज. बहुतेक नट इथे एकदम हिरो होतात, छाती काढून पुढे येतात, आणि मग कळतच नाही की हा माणूस आत्तापर्यंत कुठे होता.

कुठे होता? खुर्चीपाशी. डोळा काढायच्या आधी कॉर्नवॉल नोकरांना सांगतो, खुर्ची धरा रे. म्हणजे खुर्ची धरणाऱ्या हातांत तुमचे पण हात असणार. डायरेक्टरला विचारा तुम्हाला कुठे उभं करतोय, आणि तो म्हणाला की विंगेजवळ, तर भांडा. खुर्चीच्या पाठीवरच हात पाहिजे तुमचा. म्हातारा झटके देतो ते लाकडातून तुमच्या हाताला कळलं पाहिजेत. पहिला डोळा जाईपर्यंत तुम्ही हुकूम पाळलाय, आणि दुसऱ्याच्या आधी हात सुटतो. तुमचा सगळा रोल त्या हात सुटण्यात आहे, आधी हात सुटू दे आणि मग वाक्य येऊ दे.

अजून एक गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, पण दाढीचं बघा. रीगन त्याला 'कुत्र्या' म्हणून खेकसते तेव्हा तो तिला सुनावतो की तुम्हाला दाढी असती ना बाई, तर आज ती मी हिसडली असती. आता ही दाढी त्याच्या डोक्यात आली कुठून? थोड्या वेळापूर्वी तिने म्हाताऱ्याची उपटली तिथून. तेव्हा हा गप्प होता, पण त्याने बघितलं होतं आणि ते मनात ठेवलं होतं. नटाला अजून काय पाहिजे सांगा. रीगन दाढीला हात घालते तेव्हा तुम्हाला एकही वाक्य नाही, पण तुमचं काम तिथूनच चालू झालेलं असतं. चेहरा वाकडातिकडा करायची गरज नाही, नुसतं बघा. प्रेक्षक त्यावेळी तुमच्याकडे बघणार नाहीत, न बघू देत, नंतर दाढीचं वाक्य आलं की त्यांना आपोआप लागतं.

मग तलवारी निघतात, कॉर्नवॉलला वार लागतो, रीगन म्हणते एका गावंढळाची ही मजाल? आणि पाठीमागून येऊन तुम्हाला भोसकते. मरताना तुम्ही ग्लॉस्टरला म्हणता, सरकार तुमचा एक डोळा शिल्लक आहे अजून, याला काय भोगावं लागतं ते बघायला. हे वाक्य प्रेक्षकांना म्हणू नका, म्हाताऱ्याला म्हणा, कारण त्याला धीर द्यायला म्हटलेलं आहे ते. आणि त्या धीराचं काय होतं बघा, कॉर्नवॉल ते ऐकतो आणि म्हणतो, मग तो डोळाही बघायला नको, आणि काढतो. शेक्सपिअर असा मेला आहे की चांगल्या माणसाला मरताना एक चांगलं वाक्य बोलायची सोय पण धड देत नाही.

तेव्हा घरच्यांना सांगा तालमीला जातोय ते योग्य कामासाठी जातोय. आणि डायरेक्टर तुम्हालाच चौथ्या अंकातला निरोप्या पण करायला सांगत असेल, माणसं कमी म्हणून, तर नाही म्हणा. तो निरोप्या तुमच्याच मरणाची बातमी घेऊन येतो, आणि लोक चेहरा ओळखतात.

प्रश्न : आमच्या वाचनगटात या नोकरावरून भांडण झालं. सगळे त्याला डोक्यावर घेतात. माझं म्हणणं, म्हाताऱ्याला बांधलं कोणी? याच नोकरांनी. एक डोळा जाईपर्यंत उभा राहून बघितलं, मग जाग आली. आणि शेवटी उपयोग काय झाला, दुसरा डोळा गेलाच. एवढं कौतुक कशाला?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : बांधलं त्यांनीच, बरोबर. उशिरा जाग आली, हेही बरोबर. माझं कौतुक त्यासाठीच आहे पण. जो पहिल्यापासून चांगला आहे तो चांगलं वागला तर ठीकच की, त्याला फार काही मोडावं लागत नाही. केंट बघा, पहिल्याच प्रवेशात लिअरला तोंडावर सांगतो की तू चुकतोयस, पण केंट सरदार आहे, त्याला हद्दपारी मिळते, वेष बदलून परत यायची संधी मिळते. या गड्याला अशी काही सोय नाही. त्या काळच्या इंग्लंडात नोकराने मालकाला मारलं तर तो साधा खून धरत नसत, 1351 च्या कायद्याने तो राजद्रोहाच्याच जातीतला, धाकटा राजद्रोह म्हणा, गुन्हा होता. आणि हे नाटक 26 डिसेंबर 1606 ला व्हाइटहॉल राजवाड्यात खुद्द राजा पहिल्या जेम्ससमोर झालं. राजा समोर बसलाय आणि स्टेजवर एक चाकर मालकावर तलवार उपसतोय आणि नाटककार चाकराच्या बाजूने आहे, हे डोळ्यासमोर आणून बघा.

ज्याला कौतुक नको वाटतं त्याने पाचव्या अंकातला कॅप्टन वाचावा. तोही बिननावाचा. एडमंड त्याच्या हातात चिठ्ठी देतो, लिअरला आणि त्याच्या धाकट्या मुलीला, कॉर्डेलियाला, तुरुंगात संपवायचं, काम केलंस तर बढती. तो काय म्हणतो, मला काही गाडी ओढता येत नाही की वाळके ओट खाता येत नाहीत, माणसाचं काम असेल तर करतो. म्हणजे मी काही घोडा नाही, माणूस आहे, म्हणून बाईला फाशी द्यायला तयार आहे! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. दोघं एकाच पायरीवरचे, दोघांना वरून हुकूम, आणि शेवट पण दोघांचा सारखाच, कारण फास देणाऱ्याला लिअर स्वतःच्या हाताने मारतो. तुमच्या गटात पुढच्या वेळी हे दोन प्रवेश लागोपाठ मोठ्याने वाचा. भांडण मिटणार नाही कदाचित, पण वेगळ्या मुद्द्यावर जाईल.

आता उपयोगाचं. डोळा वाचला नाही, कबूल. पण कॉर्नवॉलला लागलेला वार जीवघेणा निघाला, आणि इतके दिवस पुढे पुढेच जात असलेल्या त्या टोळीला बसलेला हा पहिला फटका. तो मारला कोणी, तर ज्याचं नाव पण लिहायची तसदी घेतली नाही त्याने. कॉर्नवॉल मेला म्हणून रीगन विधवा झाली, म्हणून ती एडमंडशी लग्नाला मोकळी, म्हणून एडमंडवरच जीव असलेल्या थोरल्या बहिणीचा, गॉनरिलचा, जळफळाट, म्हणून विष, म्हणून दोघी बहिणी संपल्या. बातमी कळल्या कळल्या गॉनरिल हेच मनात म्हणते, एका अर्थी बरंच झालं, पण ही विधवा आणि माझा एडमंड तिच्याजवळ. आणि तिचा नवरा अल्बनी काय म्हणतो? वर न्याय करणारे आहेत, बघा किती लवकर बदला घेतला. श्रेय देवाला गेलं आणि ज्याने वार केला त्याचं प्रेत कॉर्नवॉलच्या हुकुमावरून उकिरड्यावर.

फक्त एक आहे, आणि हे तुमच्या गटातल्या कौतुकवाल्यांनाही सांगा. कॉर्नवॉल मेल्यामुळेच रीगनची फौज एडमंडच्या हातात येते. लढाई तो जिंकतो, कॉर्डेलिया त्याच्या कैदेत पडते, आणि त्या कॅप्टनला चिठ्ठी तोच देतो. म्हणजे त्या एका वाराचा धागा धरून चालत गेलात तर एक टोक रीगनच्या मरणाशी निघतं आणि दुसरं कॉर्डेलियाच्या फासापाशी. म्हणून मी त्याचं मोल परिणामांवरून ठरवत नाही. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला समोर फक्त एक खुर्ची दिसत होती.

प्रश्न : कॉलेजच्या एकांकिकेसाठी हाच प्रवेश घेतलाय आणि मी रीगन करतेय. नोकराला मारताना ती 'तुझी तलवार दे' म्हणते. कोणाला म्हणते? नवऱ्याला?
(कॉलेजची विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : नवऱ्याला म्हणत असेल असं काही जण धरतात, पण त्याच्या हातात तलवार लढायला हवीय ना! मला तरी शेजारी उभ्या दुसऱ्या नोकराला म्हणते असंच पटतं. जुन्या छापील प्रतीत सूचना आहे ती अशी की ती तलवार घेते आणि मागून त्याच्यावर धावते. आता हा दुसरा नोकर तलवार देतो का ती हिसकावते, हे तुम्ही ठरवा, पण ठरवा मात्र नक्की, कारण त्याने मुकाट्याने काढून दिली तर प्रवेश फार भयंकर होतो. रोज बरोबर जेवणारा माणूस, आणि त्याला मारायला तू हत्यार दिलंस. मी असते तर हेच केलं असतं. तुझ्यासाठी एकच सांगते, मागून मारते म्हणून रीगन भित्री नाही दाखवायची, तिला समोरून लढायची गरजच वाटत नाही, झुरळ मारताना कोणी समोरून येतं का. आणि तलवार लाकडी असली तरी त्या मुलाच्या बरगडीपासून लांब ठेव, चाल आधी संथ बसवा.

प्रश्न : या प्रवेशाच्या शेवटी उरलेले दोन नोकर काहीतरी बोलतात, अंड्याचा पांढरा भाग वगैरे. आम्हाला वेळेत बसवायचंय, ते कापलं तर चालेल का? एका प्रतीत ते नाहीच असं कोणी तरी म्हणालं.
(एक दिग्दर्शक, डोंबिवली)

उत्तर : खरं आहे. 1608 च्या पहिल्या छापील प्रतीत आहे, 1623 च्या मोठ्या संग्रहात नाही. ग्लॉस्टरला दाराबाहेर ढकललंय, वास घेत घेत जा म्हणे डोव्हरला, कॉर्नवॉल रक्त गळत आत गेलाय, आणि हे दोघं मागे राहिलेत. एक म्हणतो या माणसाचं जर भलं झालं तर मी पण मग वाटेल ती पापं करायला मोकळा. दुसरा म्हणतो ही बाई जर म्हातारी होऊन आपल्या मरणाने मेली तर सगळ्या बायका राक्षसिणी होतील. मग ठरवतात की त्या वेड्या भिकाऱ्याला गाठू, तो म्हाताऱ्याचा हात धरून नेईल, आणि एक जण जातो जवसाचा काथ्या आणि अंड्याचं पांढरं आणायला, रक्ताळलेल्या तोंडाला लावायला. त्या काळचा घरगुती उपाय होता तो.

पीटर ब्रूकने 1962 च्या त्याच्या गाजलेल्या प्रयोगात, पॉल स्कोफिल्ड लिअर होता त्यात, हे मुद्दाम कापलं होतं. त्याच्याकडे उलट नोकर स्टेज आवरताना त्या आंधळ्याला धक्के मारत जातात आणि प्रेक्षागृहातले दिवे हळूहळू लागायला लागतात, म्हणजे लोकांना एकमेकांची तोंडं दिसायला लागतात. फार मोठा दिग्दर्शक आणि परिणामही जबरदस्त झाला असणार, पण मला ते पटलेलं नाही. ब्रूकला दिलासा नको होता. पण अंड्याचं पांढरं हा काही मोठा दिलासा आहे का हो? डोळे परत येणार आहेत का त्याने? दोन भेदरलेली माणसं, त्यातल्या एकाने कदाचित आत्ताच तलवार काढून दिलीय, आणि आता ती स्वयंपाकघरात जाऊन अंडं शोधणार. पहिला नोकर मेला नसता तर हे दोघं हलले असते असं मला वाटत नाही. म्हणून ठेवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, वेळ वाचवायचाच असेल तर लढाईतले कर्णे-नगारे कमी करा.

आणि मराठीत वाचायचं असेल तर विंदा करंदीकरांचा 'राजा लिअर' आहे, 1974 चा. तालमीत शेजारी ठेवा, तुमचं भाषांतर कुठलंही असलं तरी.

प्रश्न : ताई, लिअर वगैरे ठीक आहे, आपल्याकडच्या शोकांतिकेचं बोला. आमच्या मंडळात 'एकच प्याला' होतंय आणि मला तळीराम दिलाय. साइड रोलच ना हा?
(एक वाचक, इंदूर)

उत्तर : साइड रोल? गडकऱ्यांनी तळीरामाला इतकं दिलंय की दारूपायी बुडणारा नायक सुधाकर करणाऱ्याला रोज रात्री झोप लागत नसेल! 1919 मध्ये नाटक आलं तेव्हापासून लोक आर्यमदिरामंडळाची, म्हणजे त्यातल्या दारुड्यांच्या मंडळाच्या प्रवेशांची, वाट बघत बसतात, हे सुधाकराच्या बायकोसाठी, सिंधूसाठी, रुमाल घेऊन आलेल्यांनाही विचारा. पण वर एवढा वेळ त्या नोकराबद्दल बोललो म्हणून सांगते, तळीरामही पदरचाच माणूस आहे, सुधाकराचा कारकून. मालकाची वकिलीची सनद गेलीय, भर कोर्टात अपमान झालाय, माणूस आतून पेटलाय, आणि अशा वेळी हा पहिला प्याला पुढे करतो. द्वेषाने नाही करत हो, त्याला खरंच वाटतं की आपण मालकाचं दुःख हलकं करतोय, त्याच्या परीने तीही चाकरीच. तो विनोदी आहे म्हणून नुसते हशे वसूल करत सुटू नका. तो पहिला प्याला देताना प्रेमाने द्या, अगदी काळजीने, आणि हशा तिथे आला नाही तर न येऊ दे, पुढे भरपूर जागा आहेत. आणि तळीरामाची बायको गीता कोण करतंय ते बघा, जीभ तिखट पाहिजे तिची, नाहीतर तुमचे प्रवेश लंगडे पडतील.